वाचक विचारतात: चोक आत ढकलला की बाइक बंद

प्रश्न: दादा नमस्कार, मी कॉलेजला आहे, वाळपईच्या पुढे राहतो. मामाची जुनी 150 सीसीची ऑफरोड बाइक माझ्याकडे आहे, फोर स्ट्रोक, कार्बोरेटरवाली. पावसाळाभर गोठ्याच्या बाजूला झाकून ठेवलेली. चवथीला बाहेर काढली तर चोक ओढला की लगेच स्टार्ट होते आणि गरम झाल्यावर चोक आत ढकलला की फुस्स. एक्सिलरेटर पिळून धरला तर चालते, सोडला की बंद, आणि उतारावर सायलेन्सरमधून फटफट फुटते. प्लग नवीन घातला, एअर फिल्टर धुतला, काय फरक नाय. गॅरेजवाला म्हणतो कार्बोरेटर गेला, नवीन घाल. तोपर्यंत चोक अर्धा ओढून फिरवू का? – एक वाचक, सत्तरी

उत्तर: नको रे बाबा, चोकवर फिरवू पण नको आणि कार्बोरेटर पण इतक्यात विकत घेऊ नको. चोक ओढला की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातं, आणि तुझी बाइक तेव्हाच चालते, म्हणजे एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय नाहीतर कुठून तरी फालतू हवा घुसतेय. पिळल्यावर चालते म्हणजे मेन जेट बहुतेक ठीक आहे (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी), वरच्या रेसला पेट्रोल तिथून येतं. आयडलिंगचं, म्हणजे एक्सिलरेटर सोडल्यावरचं, पेट्रोल येतं स्लो जेटमधून, काही मेस्त, म्हणजे मेकॅनिक, त्याला पायलट जेट म्हणतात, आणि माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. उतारावर एक्सिलरेटर सोडल्यावरची फटफट पण त्याच बाजूला बोट दाखवते.

चार महिने उभी राहिली तेव्हा आत काय झालं असेल बघ. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल राहतं, त्यातलं हलकं उडून जातं आणि खाली चिकट पिवळट थर उरतो. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पेट्रोलच्या टाकीचं काय सांगू. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं आणि पहिलं तेच कार्बोरेटरात जातं. शिवाय इथेनॉल जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला ते जास्त घालावं लागतं, पण जुन्या गाडीचा जेट साध्या पेट्रोलच्या हिशोबाने दिलेला, त्यामुळे अशा गाड्या आधीच जरा पातळ मिक्श्चरवर, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी अशा, चालतात. त्यात भोक थोडं जरी बुजलं की संपलं. स्लो जेटवर 35, 38 असे आकडे असतात, भोक अर्धा मिलिमीटर पण नसतं, डोळ्याला स्वच्छ दिसलं तरी आत थर असू शकतो.

पण उघडायच्या आधी एक टेस्ट कर, फुकटात होते. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधला रबराचा जॉइंट असतो ना, जुन्या गाड्यांना तो कडक होऊन चिरतो आणि चीर बाहेरून पटकन दिसत नाही, हाताने वाकवून बघावी लागते. क्लॅम्प आवळून बघ. मग बाइक चोकवर चालू ठेव आणि जॉइंटच्या भोवती कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मार, रेस बदलली की हवा तिथूनच ओढतेय. हे उघड्यावर करायचं, तापलेल्या सायलेन्सरवर उडू द्यायचं नाही, आणि सिगरेटवाल्या मित्राला लांब बसवायचं, नाहीतर चवथीचे फटाके परत वाजतील. जॉइंट चिरलेला निघाला तर नवीन घाल, एम-सील आणि ट्यूब गुंडाळून चार दिवस जातात, मग परत तेच.

जॉइंट बरा असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढ, पेट्रोलच्या कॉकची जाळी बघ, आणि कार्बोरेटर खाली घे. स्लो जेटला बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर वापर, पितळेचा असतो, खाच गेली की रडायची वेळ. भोकात सुई किंवा स्टीलची तार घालायची नाही, भोक मोठं होतं आणि मग आयडलिंग कायमचं बिघडतं. वायरमधली तांब्याची एक बारीक काडी चालते, मासे पकडायची बारीक तंगूस त्याहून बरी, ती कुठल्याही गोंयकाराच्या घरात मिळेल. वरून क्लीनर आणि पंक्चरवाल्याकडची हवा. कार्बोरेटरमधला पिस्टन रबराच्या डायाफ्रामवाला (पातळ पडद्याचा) असेल तर ते रबर आधी बाजूला काढ, क्लीनर लागला की फुगतं. जेटचीच नाही तर कार्बोरेटरच्या अंगातली बारीक वाट पण साफ व्हायला हवी, मेस्त लोक घाईत हेच विसरतात आणि मग म्हणतात कार्बोरेटर गेला.

मिक्श्चरचा स्क्रू काढताना आधी हलक्या हाताने पूर्ण आत बसव आणि किती फेरे झाले ते लिहून ठेव, नंतर तेवढाच उघडायचा. साधारण दीड ते अडीच फेरे असतात. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, आणि फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तिथे उलटं. सगळं साफ करून पण पेट्रोलचा स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे गेल्याशिवाय आयडलिंग धरत नसेल तर स्लो जेट एक नंबर मोठा घे. तरी नाय झालं तर फ्लोटची (वाटीत पेट्रोल किती राहतं ते ठरवणाऱ्या तरंगाची) लेव्हल आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघायला सांग, टॅपेट जास्त आवळलेले असले तरी स्टार्टिंगला असाच त्रास होतो. आयडलिंगचा स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवायचा शहाणपणा मात्र नको, रोग तसाच राहतो.

आणि चोकवर फिरवायचं का, तर जास्तीचं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुवून नेतं, खाली ऑइलमध्ये मिसळतं आणि प्लग काळा होतो. गॅरेजपर्यंत न्यायची असेल तर ने, त्याच्या पुढे नको.

प्रश्न: माझ्या टू स्ट्रोकला डर्ट रेससाठी कोन फिल्टर आणि फ्री फ्लो सायलेन्सर बसवला, तेव्हापासून अर्धा चोक लागतो. पण फुल्ल पिळल्यावर मस्त पळते, मग चालेल ना? – एक वाचक, फोंडा

उत्तर: नाही चालणार भाऊ, तुमचं दुखणं वरच्या पत्रापेक्षा वेगळं आहे, तुमच्याकडे काही बुजलेलं नाही, हवा वाढवली आणि जेट जुनेच ठेवले. टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच मिसळून घालत असाल तर पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी, आणि फुल्ल थ्रॉटलला पातळ मिक्श्चर म्हणजे पिस्टन चिकटणार, तो पण उडीच्या मधोमध चिकटला तर मागचं चाक लॉक होऊन तुम्ही पण मातीत. आधी मेन जेट मुद्दाम बराच मोठा घाला, मग लांब सरळीवर फुल्ल पिळून क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा आणि प्लग काढून बघा, काळा असेल तर एकेक नंबर उतरवत फिक्कट तपकिरी रंग येईपर्यंत, पांढरा दिसला तर लगेच परत मोठा घ्या, मग स्लो जेट. तेवढा वेळ नसेल तर जुना एअर बॉक्स (फिल्टरचा डबा) परत लावा. कोन फिल्टर तसाही आपल्या तांबड्या धुळीत तेल न लावता चालवायच्या लायकीचा नसतो.