फुलदाणी तडकल्यावर मुलानं काय केलं?

एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मुलगा रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आठवडाभर काच फुंकण्याच्या कार्यशाळेला जाऊन आला आणि आता म्हणतो, कॉलेज सोडून फुलदाण्याच करणार. त्यानं केलेली फुलदाणी कौतुकानं फळीवर ठेवली, ती तिसऱ्या दिवशी कुणी हात न लावता तडकली. मला वाटलं, चला, नाद सुटला. तर हा रात्री भिंग घेऊन तडा बघत बसला. दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फुटकी कड दोन तास घासत होता. दिवसभर फुंकून याची फुफ्फुसं जातील का? यात पोट भरतं का? आणि पदवी सोडू द्यावी का?"

सप्रेम नमस्कार.

प्रश्न तुम्ही तीन विचारलेत, पण मला तुमच्या पत्रातली भिंगाची आणि पॉलिश पेपरची ओळच जास्त बोलकी वाटली. तिच्याकडे येतेच. आधी फुफ्फुसांचं बोलू, कारण तुमची झोप बहुधा त्यानं उडाली असावी.

'काच फुंकणं' हे नाव फसवं आहे. फुंकणीत छोटीशी फुंकर मारायची आणि तोंडाकडचं भोक अंगठ्यानं दाबून धरायचं. आत कोंडलेली हवा तापून फुगते आणि पलीकडच्या टोकाला काचेत बुडबुडा उमलतो. कस लागतो तो खांद्यांचा आणि मनगटांचा. सव्वा-दीड मीटरची पोलादी नळी, टोकाला मधासारखी ओघळणारी काच, आणि नळी फिरवणं क्षणभर थांबलं की फुलदाणी एका बाजूला लोंबलीच. काळजी करायची तर वेगळ्या गोष्टींची करा. रंगाच्या काचेची पूड उडते, काच कोरडी घासली की धूळ उडते. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर मात्र फुफ्फुसं खरोखर जातात. भट्टीच्या अवरक्त किरणांनी डोळ्यांत मोतीबिंदू होतो, जुन्या काच कारागिरांचा तो ओळखीचा आजार. म्हणून चांगल्या कार्यशाळेत मास्क, भट्टीसाठीचा खास चष्मा आणि घासण्याच्या चाकावर पाण्याची धार असतेच. या तीन गोष्टी नसतील, तर तिथे त्याला पाठवू नका. बाकी कागद भिजवून घासायचं तुमच्या चिरंजीवांना सुचलं किंवा त्यांनी तिथे नीट पाहिलं, दोन्ही शुभलक्षणंच.

आता मूळ गोष्ट. त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा भट्टीपुढे एकटा उभा असलेला कलावंत असणार. हौशी कार्यशाळेत तसंच वाटतं, कारण शिकवणारा गुपचूप निम्मं काम स्वतः उरकून देतो. खऱ्या कार्यशाळेत एका फुलदाणीभोवती दोन-तीन माणसं तरी असतात. मुख्य कारागीर बाकावर बसून एका हातानं नळी रुळांवर मागे-पुढे फिरवतो. दुसऱ्या तळहातावर ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी, आणि त्या घडीवर हजार अंशांच्या आसपासची काच गरगरत असते. मध्ये वाफेचा पातळ थर तयार होतो म्हणून हात वाचतो. जळक्या कागदाचा वास मात्र दिवसभर कपड्यांना येतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला मदतनीस गुडघ्यांवर बसून, सांगेल तेव्हा आणि सांगेल तेवढंच फुंकतो. काच निवून घट्ट व्हायला लागली की पुन्हा ग्लोरी होलमध्ये, म्हणजे तापवायच्या भट्टीच्या तोंडात. त्या भट्टीचं दार उघडायला-मिटायलाही माणूस लागतो. मग दुसरा मदतनीस टोकाला काचेचा ठिपका लावलेली सळई आणतो, तिला पंटी म्हणतात, आणि ती फुलदाणीच्या बुडाला चिकटवतो. मानेवर आवळून ठेवलेल्या खाचेत पाण्याचा थेंब, नळीवर एक टिचकी, आणि फुलदाणी नळीवरून सुटून पंटीवर आलेली असते. ही टिचकी चुकली की तासाभराचं काम जमिनीवर. आता तोंड पुन्हा तापवून उघडायचं, कड वळवायची, आणि शेवटी जाड हातमोजे घातलेल्या कुणीतरी ती झेलून सुमारे ५०० अंशांच्या निववण्याच्या भट्टीत ठेवायची. तिथे ती रात्रभर सावकाश थंड होते.

शिकणारा यात वर्षानुवर्षं दार उघडणारा, फुंकणारा आणि झेलणारा असतो. नाव झाल्यावरही ही गर्दी सुटत नाही. अमेरिकेतले नामवंत काच-कलावंत डेल चिहुली घ्या: १९७६ साली अपघातात त्यांचा एक डोळा गेला, १९७९ साली खांदा निखळला, त्यानंतर फुंकणी दुसऱ्यांच्या हातात गेली. ते चित्रं काढून सांगत आणि चमू काच घडवत असे. तेव्हा मुलाला 'तुला हे आवडतं का' असं विचारू नका; आवडतंच म्हणेल. विचारा, 'वर्षभर दुसऱ्याच्या फुलदाणीसाठी दार उघडशील का?'

उत्तर 'नाही' आलं तरी दुकान बंद झालं असं नाही, आणि इथे पॉलिश पेपर कामाला येतो. फुलदाणी सजवण्याचं निम्मं काम गरम काचेवर होतं: लोखंडी पाटावर रंगाची पूड पसरून त्यावरून तप्त गोळा फिरवणं, रंगीत कांड्यांच्या चकत्या चिकटवणं, एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढवणं. उरलेलं निम्मं काच थंड झाल्यावर सुरू होतं: घासणं, पैलू पाडणं, चाकावर कोरणं, वाळूच्या झोतानं नक्षी काढणं, मीनाकाम करून पुन्हा भाजणं. आम्लानंही नक्षी होते, पण ते हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत जातं. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी काय सांगावं! हे सगळं थंड काम एकट्यानं, शांतपणे, तासन् तास बसून करायचं असतं. तमाशा पाहायला येणारे लोक भट्टीपुढे गर्दी करतात, या खोलीत कुणी डोकावतही नाही. म्हणूनच इथे तयार हात कमी पडतात, असं माझं मत आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलँड व्हास नावाची रोमन फुलदाणी आहे. गर्द निळ्या काचेवर पांढरा थर, आणि तो पांढरा कोरून काढलेल्या आकृत्या. इंग्लंडच्या जॉन नॉर्थवूडनं काचेतच तिची प्रतिकृती कोरली, साधारण तीन वर्षं खपून, आणि १८७६ साली पुरी केली. कोरायची ती दुथरी फुलदाणी त्यानं फुंकलेली नव्हती. ती दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्या कारागिरानं फुंकून दिली होती. इतिहासात नाव राहिलं ते कोरणाऱ्याचं. फ्रान्सच्या नान्सी शहरातले काच-कलावंत एमिल गाले हे वनस्पतिशास्त्र शिकलेले, आणि त्यांच्या थरांच्या फुलदाण्यांवरची पानं-फुलं पाहिली की ते लगेच कळतं. एका विद्येतला माणूस दुसरीकडे आला म्हणून पहिली वाया जात नाही.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. केवळ कलात्मक फुलदाण्या विकून घर चालवणारे थोडे. बहुतेकांचं उत्पन्न मिश्र असतं: पेले आणि दिव्यांची झाकणं, दुसऱ्या कलावंतांसाठी मजुरीनं फुंकणं किंवा घासून देणं, शिकवण्या, जुन्या काचेची डागडुजी, आणि मधूनमधून स्वतःची फुलदाणी. स्वतःची भट्टी पहिल्या काही वर्षांत नकोच. वितळलेली काच ठेवायची भट्टी रात्रंदिवस ११०० अंशांच्या घरात पेटती ठेवावी लागते. रोज विझवली तर मूस, म्हणजे काच वितळवायचं आतलं भांडं, तडकते. म्हणजे मालक झोपलेला असतो तेव्हाही इंधनाचं बिल जागं असतं. तासांवर भट्टी भाड्यानं देणाऱ्या कार्यशाळा असतात, सुरुवात तिथूनच करायची.

पदवी सोडू देऊ नका. हे वडीलधारं सावधपण म्हणून सांगत नाही. काचेला निळा रंग कोबाल्टनं येतो; सोन्याच्या क्षारानं लाल येतो, पण तो काच पुन्हा तापवल्यावरच उमटतो; पारदर्शक काच आणि रंगाची काच थंड होताना सारख्या प्रमाणात आकसली नाही तर दोघींचं जन्मभर भांडण. हे सगळं त्याच्याच पुस्तकांत आहे. शिवाय प्रयोगशाळांची उपकरणं बनवणारे काच कारागीर हा वेगळा, पगारी धंदा आहे. तिथे भट्टीऐवजी ज्योतीवर बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच वळवतात आणि रसायनशास्त्र येणाऱ्याला मान असतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम कम्युनिटी कॉलेजमध्ये याचा रीतसर अभ्यासक्रम आहे. कलेच्या बाजूनं जायचं तर चेक प्रजासत्ताकातल्या कामेनित्स्की शेनोव्हची काचशाळा १८५६ पासूनची आहे. पण परदेशाचा विचार पदवीनंतर. सध्या दर शनिवारी-रविवारी एखाद्या कार्यशाळेत मदतनीस म्हणून उभं राहावं, झाडू मारायला लागला तरी मारावा, आणि एक संध्याकाळ थंड कामाच्या खोलीत बसू द्या म्हणून विनंती करावी. सहा महिन्यांनी तुम्ही नव्हे, त्यानंच मला पत्र लिहावं.

आणि ते फुलदाणीचे तुकडे अजून फेकले नसतील तर ठेवा. तिसऱ्या दिवशी आपोआप तडकणाऱ्या काचेत सहसा दोनपैकी एक खोड असते: नीट निववली गेली नाही, किंवा रंगाची काच मूळ काचेशी जुळली नाही. पारदर्शक काचेवर रंगाची रेघ असलेला एक तुकडा कार्यशाळेत घेऊन जायला सांगा. दोन ध्रुवीकरण फिल्टर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे सोडणाऱ्या काचा, आडवे-उभे धरून त्यांच्यामध्ये तो तुकडा ठेवायचा आणि मागून दिवा लावायचा. रंगाच्या कडेकडेनं उजेडाची किनार दिसली, तर दोष जोडीचा होता, त्याच्या हाताचा नव्हता.