मुलगा खरोखरच परका झाला आहे का?

‘मुलाला आता आमची ओढ उरलेली नाही आणि नातवंडे तर परकीच झाली,’ ही तक्रार नाशिकमधले अनेक ज्येष्ठ पालक समुपदेशनाच्या वेळी माझ्यासमोर मांडतात. गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर या भागांत अशी घरे आता विरळ नाहीत, ज्यांतली पुढची पिढी अमेरिकेत, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात स्थिरावली आहे. या तक्रारीमागे बहुतेक वेळा एक प्रश्न दडलेला असतो: आमचे संस्कार कुठे कमी पडले? त्या प्रश्नाकडे मी कसे पाहते, हे एका कुटुंबाच्या अनुभवातून मांडते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सत्तरी ओलांडलेले काका आणि त्यांच्या पत्नी माझ्याकडे आल्या, त्याला एक निमित्त घडले होते. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला न्यू जर्सीतला मुलगा आला नव्हता. ‘कामाचं जरा अवघड आहे,’ एवढेच त्याने फोनवर सांगितले होते. रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, ठरलेला व्हिडिओ कॉल होत असे. परंतु अकरा वर्षांचा नातू ‘हाय आजोबा’ म्हणून पडद्यावरून निघून जाई आणि सतरा वर्षांची नात अलीकडे फारशी समोरच येत नसे. काकूंची झोप उडाली होती. काका मात्र रागावलेले होते आणि गंगापूर रोडवरचा फ्लॅट व कळवण तालुक्यातली वडिलोपार्जित शेती विकून टाकण्याची भाषा करत होते.

अशा वेळी कुटुंबाचा तीन-चार पिढ्यांचा आराखडा मी कागदावर मांडायला लावते: कोण कुठे जन्मले, कोण गाव सोडून कुठे गेले, मागे कोण राहिले. हा आराखडा मांडताना काकांच्या लक्षात आले की या घरातले स्थलांतर विमानतळावर सुरू झालेले नव्हते. ओझर येथे 1964 मध्ये सुरू झालेल्या मिग विमानांच्या कारखान्यात ते सत्तरच्या दशकात नोकरीला लागले, तेव्हा वडील शेतावर एकटे पडले. वणीमार्गे एस.टी.ने काही तासांचेच अंतर असूनही काकांचे जाणे दिवाळी आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, यांपुरते उरले होते. त्यांच्या घरात अहिराणी बोलली जात असे. नाशिकला शाळेत घातलेल्या मुलाला कोणी हसू नये म्हणून त्यांनी ती घरात बोलणे थांबवले. आई फ्लॅटमध्ये रमली नाही आणि गावीच गेली. नातवाचे बोलणे तिला परके वाटे, ही आठवण सांगताना काका बराच वेळ थांबले.

हे मी त्यांना दोष देण्यासाठी विचारले नव्हते, आणि तसे स्पष्टही केले. त्यांनी आईवर कमी प्रेम केले, असे कोणीही म्हणू शकणार नाही. पाळ्यांची नोकरी, मोजक्या रजा आणि मुलांचे शिक्षण यांनी त्यांचे येणे-जाणे ठरवले होते. मात्र आईला ते कदाचित मुलाच्या स्वभावात झालेला बदल म्हणून दिसले असेल. स्थलांतराच्या व्यवस्थेने घातलेली बंधने मागे राहिलेल्यांना माणसाचा स्वभाव वाटू लागतात, आणि माझ्या मते पालकांच्या दुःखाचा फार मोठा भाग या गैरसमजातून येतो.

पुढच्या भेटीत मुलगा व्हिडिओवरून सहभागी झाला आणि आजवर आई-वडिलांना त्रास नको म्हणून न सांगितलेली गोष्ट त्याने सांगितली. तो अनेक वर्षे एच-1बी व्हिसावर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या तात्पुरत्या परवान्यावर आहे. अमेरिकेत नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डे, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, दिली जातात, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही. त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. तिथे राहून मुदतवाढ मिळते, पण देशाबाहेर पडल्यावर परतण्यासाठी वकिलातीतून नवा व्हिसा शिक्का घ्यावा लागला आणि त्याला उशीर झाला, तर नोकरी जाऊ शकते. लग्नाला न येण्याचे कारण हे होते.

त्याहून मोठी काळजी नातीची होती. ती नाशिकला जन्मली आणि चौथ्या वर्षी तिकडे गेली. तिचा तिथला मुक्काम वडिलांच्या व्हिसावर अवलंबून आहे. धाकटा भाऊ तिथे जन्मल्यामुळे अमेरिकन नागरिक आहे. एकविसाव्या वर्षापर्यंत ग्रीन कार्ड हाती आले नाही, तर तिला विद्यार्थी व्हिसासारखा वेगळा मार्ग शोधावा लागेल, नाहीतर देश सोडावा लागेल. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांचे भविष्य कागदांनी असे वेगळे करून ठेवले आहे, आणि सतरा वर्षांच्या मुलीला ते पूर्ण कळते. तिला नाशिकचा कंटाळा आला नव्हता. नाशिकला ‘परत पाठवले’ जाण्याची भीती तिला वाटत होती, आणि आजी-आजोबांसमोर ती भीती बोलून दाखवणे त्यांचा अपमान ठरेल, असे तिला वाटत होते.

अमेरिकन मानसतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी अशा वियोगाचे वर्णन केले आहे, ज्यात माणूस शरीराने दूर असतो पण मनात सतत वावरत असतो. मृत्यूनंतरच्या शोकाला तेरावा असतो, भेटायला येणारी माणसे असतात. या शोकाला तसे काहीच नसते. म्हणून तो रागाच्या किंवा हिशेबाच्या रूपाने बाहेर पडतो, आणि काकांची विक्रीची घाई मला त्याच जातीची वाटली.

पालकांना मी तीन गोष्टींचा आग्रह धरते. मुलाच्या व्हिसाची परिस्थिती मोकळेपणाने विचारावी. रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारे नाशिकमधले माणूस, आरोग्य विमा आणि कागदपत्रांचे अधिकार यांची व्यवस्था ‘मुलगा येईल तेव्हा’वर न सोडता आजच लावावी. आणि नातवंडांच्या मराठीची परीक्षा घेणे थांबवावे. मोडक्या भाषेत का होईना, त्यांच्या चिंतेबद्दल बोलता आले तर नाते टिकते.

काकूंनी नातीला स्वतंत्र फोन करायला सुरुवात केली. आईवडील जवळ नसताना ती अधिक बोलते. इथे येऊन शिकावे लागले तर तिच्या बारावीनंतरच्या प्रवेशाचे काय, ही चौकशी काकांनी स्वतः महाविद्यालयांत जाऊन केली. शेतीबाबत त्यांनी वकिलांचा सल्ला घेतला: भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओसीआय कार्ड असले, तरी भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. त्यामुळे एकदा विकलेली जमीन अमेरिकन नातवाला पुन्हा घेता येणार नाही, हे त्यांना उमगले आणि विक्री त्यांनी नातीच्या एकविसाव्या वर्षापर्यंत पुढे ढकलली.

मुलाचे येणे अजूनही ठरलेले नाही आणि काकूंना त्याचे वाईट वाटते, ते वाटणारच. काका अधूनमधून एकटे भेटायला येतात. हल्ली आमचे बोलणे मुलाबद्दल कमी आणि त्यांच्या आईबद्दल अधिक असते.