रात्रीचं दुखणं अण्णांनाच सांगू द्या

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ७८) फुफ्फुसाचा कर्करोग आहे. मागं एका रात्री फार दम लागला, म्हणून १०८ च्या गाडीनं रुग्णालयात नेलं. प्रत्येक नव्या डॉक्टरला आजार पहिल्यापासून सांगावा लागला. आता तिथंच सेवा सुधारण्यासाठी रुग्ण-नातेवाइकांची बैठक आहे. मी शेतकरी माणूस, काय बोलू? अण्णांना न्यावं का?
— एक वाचक, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : दादा, जरूर जा. पण आधी अण्णांना विचारा, त्या रात्री सगळ्यात जड काय गेलं? मी २६ वर्षं अपघात विभागात परिचारिका होते. एका आजीनं मला सांगितलं होतं की दम सोसला, पण लेकाला दाराबाहेर काढलं ते सोसवलं नाही. तोवर नातेवाइकांना मीच बाहेर काढत होते. त्या दिवसापासून एकाला तरी उशाशी बसू दिलं.

अण्णांना प्रवास झेपत नसेल, तर त्यांना विचारून त्यांचं बोलणं मोबाइलमध्ये घेऊन जा. आईला मात्र न्याच. रात्रभर पाठ चोळणारीला दम कधी वाढणार ते आधी कळतं.

‘सेवा चांगली हवी’ असं मोघम बोलू नका, माना डोलतात आणि विषय संपतो. किती वाजता पोचलात, पहिलं औषध कधी मिळालं, आजार कितीदा सांगितला, हे सांगा. केसपेपरच्या पहिल्याच पानावर आजार, चालू औषधं, अण्णांची इच्छा आणि नेहमीच्या डॉक्टरांचा फोन असावा, असं मागा. रात्रपाळीला मॉर्फिन मिळतं का, हेही विचारा. ते फक्त दुखण्यावरचं औषध नाही. अशा आजारात डॉक्टरांनी ठरवलेल्या कमी मात्रेत धापेची तगमगही त्यानं कमी होऊ शकते. २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, पण कपाटाची किल्ली दिवसपाळीकडंच राहिली तर रात्री तडफडणाऱ्याला काय उपयोग?

व्हेंटिलेटर हवा की नको, हे अण्णा आजही ठरवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या आदेशानुसार दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर तसं लिहून ठेवता येतं. नको म्हटलं तरी दम आणि वेदना कमी करणारे उपचार चालूच राहतात, हे त्यांना नीट समजावून सांगा. भावाभावांनी मिळून परस्पर ठरवू नका.

आणि निघण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख मागून घ्या. ती दुपारची ठेवा म्हणावं. आजारी म्हाताऱ्या माणसाला सकाळी आठला गंगाखेडहून पोचवायचं, तर त्याला पहाटेच उठवावं लागतं.