पोलंडच्या खाणी आणि सरकारची तिजोरी : वाचकांचे प्रश्न

१९८९ मध्ये पोलंडमधली कम्युनिस्ट राजवट गेली. मग सरकार कोळसा खाणींना पैसे पुरवत कसं राहिलं?

राजवट गेली, मालकी राहिली. अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी जानेवारी १९९० पासून बहुतेक किमती मोकळ्या केल्या, पण सायलेशिया या दक्षिणेकडच्या कोळसापट्ट्यातल्या खाणी सरकारच्याच होत्या. तोटा कुणीतरी भरून देणार हे ठाऊक असलेला व्यवस्थापक तोट्याला घाबरत नाही, हे हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी कम्युनिस्ट काळातच हेरलं होतं. शिवाय मदत रोखच लागते असं नाही. खाणी कर आणि विम्याचे हप्ते थकवत राहिल्या. २००३ च्या कायद्याने त्यातला मोठा भाग माफ झाला.

यात निवडणुकांचा हात किती?

बराच. जुलै २००५ मध्ये खाणकामगार वॉर्सात संसदेवर चालून गेले. दगडफेक झाली, अश्रुधूर सोडला गेला. निवडणूक दोन महिन्यांवर होती. जमिनीखाली २५ वर्षं काम केलेल्याला वयाची अट न घालता पेन्शन देणारा कायदा त्याच आठवड्यात मंजूर झाला!

जानेवारी २०१५ मध्ये पंतप्रधान एवा कोपाच यांनी चार खाणी बंद करायचं जाहीर केलं. कामगार खाली बसून राहिले, वर आले नाहीत. दहा-बारा दिवसांत सरकारने माघार घेतली. त्या चारांपैकी एक ब्झेश्चेची. त्याच गावच्या माजी महापौर आणि खाणकामगाराची मुलगी बेआता शिदवो नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान झाल्या. ब्झेश्चेची खाण टाउरॉन या सरकारी वर्चस्वाच्या वीज कंपनीने घेतली. चारांतली माकोशोवी मात्र २०१६ अखेर, त्यांच्याच कारकिर्दीत, बंद पडली. त्यामुळे कळवळा एकट्या गावाचा होता की काय, अशी शंका मला येते.

युरोपीय संघ हे चालू देतो?

जहाजबांधणीत दिलं नाही. गडीनिया आणि श्चेचिन इथल्या गोद्यांची मदत २००८ मध्ये बेकायदा ठरली आणि मालमत्ता विकावी लागली. कोळशासाठी २०१० चा नियम असा होता : तोटा भरून द्या, पण खाण बंद करणार असाल तरच. म्हणून २०१६ मध्ये सरकारी ऊर्जा कंपन्याच नव्या खाण कंपनीच्या भागीदार झाल्या. कागदावर ती गुंतवणूक. भार शेवटी वीजग्राहकावरच.

खाणी एकदाच्या बंद का करत नाहीत?

१९९८ मध्ये पंतप्रधान येझी बुझेक यांच्या सरकारने खाणीऐवजी माणसाला पैसे दिले : घसघशीत रक्कम घ्या, नोकरी सोडा. सुमारे १ लाख लोक बाहेर पडले. काहींनी पैसे उडवले, टीका झाली. तरी मला तोच खर्च सर्वांत शहाणा वाटतो. सरकार आणि खाणकामगार संघटना यांच्या २०२१ च्या करारात शेवटच्या खाणीला २०४९ चा मुहूर्त दिला आहे. तोवर अनुदान चालू.

सामान्य घरांना काय मिळतं?

२०२२ मध्ये रशियन कोळसा बंद होऊन भाव भडकले, तेव्हा कोळशावर घर तापवणाऱ्यांना ३,००० झ्लॉटी (पोलंडचं चलन) मिळाले. मग लाकूड आणि तेल जाळणाऱ्यांचं काय, अशी ओरड झाली. सप्टेंबरमध्ये त्यांच्यासाठीही रकमा मंजूर झाल्या.