'फ्लॅट'मध्ये सपाट काय आहे?

एका वाचकाच्या पत्रातला प्रश्न असा आहे: "फ्लॅट म्हणजे सपाट. मग चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या-किचनला फ्लॅट का म्हणतात? सगळ्या खोल्या एकाच पातळीत असतात म्हणून का?"

एका पातळीतल्या खोल्या, हे उत्तर मीही कितीतरी वर्षं खरं धरून चाललो होतो, कारण ते ऐकताक्षणी पटतं. पण टायर फ्लॅट होतो तो फ्लॅट वेगळा आणि आपण राहतो तो वेगळा. दोघांचं कूळ एक असलं तरी ते इंग्रजीत आले निरनिराळ्या वाटांनी.

राहत्या फ्लॅटचं गाव स्कॉटलंड. तिथे तो 'फ्लेट' होता आणि त्याच्या मागे जुन्या इंग्रजीतला 'फ्लेट्ट' आहे. त्याचा अर्थ घरातली जमीन, आणि त्यावरून दालन, राहतं घर. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात हा शब्द पुन्हा पुन्हा भेटतो. राजाच्या दालनातल्या शिबंदीला तिथे 'फ्लेटवेरोड' म्हटलं आहे. उत्तर जर्मनीतल्या जुन्या शेतकरी घरांतही चूल पेटते त्या भागाला 'फ्लेट'च म्हणतात. पाय टेकतात ती जमीन, जमिनीवर चूल, आणि चुलीभोवती घर, असा हा शब्द वाढत गेला.

मला यातली सर्वांत आवडती जागा इंग्रजी मृत्युपत्रांत सापडते. 'फायर अँड फ्लेट' असा एक ठरीव शब्दप्रयोग त्यांत येई. मागे राहणाऱ्या माणसाला घरात विस्तवाची ऊब आणि अंग टाकायला जागा मिळावी, एवढाच त्याचा अर्थ. उत्तर इंग्लंडमध्ये प्रेताजवळ रात्र जागवताना म्हणायच्या एका गीतातही तो आहे: विस्तव, फ्लेट आणि मेणबत्तीचा उजेड. जुन्या चालीरीती टिपून ठेवणाऱ्या जॉन ऑब्रीने सतराव्या शतकात हे गीत लिहून ठेवलं, तेव्हा शब्द 'फ्लीट' असा उतरला. पुढे स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेल्या लोकगीतांच्या संग्रहात तिथे 'स्लीट' आलं, म्हणजे पावसात मिसळून पडणारा बर्फ! घराच्या जागी बर्फ. शब्द लोकांच्या बोलण्यातून गेला की अनोळखी जागी ओळखीचा शब्द येऊन बसतो, तो असा.

आणि नेमकं हेच फ्लॅटचंही झालं. स्कॉटलंडमधल्या एडिंबराचं जुनं शहर डोंगराच्या एका चिंचोळ्या सोंडेवर वसलेलं. आडवं पसरायला जागा नाही, म्हणून घरं उंच चढत गेली. सामाईक दगडी जिना आणि एकेका मजल्यावर वेगवेगळी कुटुंबं, अशी ती राहणी. 'फ्लेट'चा अर्थ तिथे मजला असा झाला, आणि तोवर त्याचं रूप शेजारच्या, सगळ्यांच्या ओळखीच्या 'फ्लॅट'ने, म्हणजे सपाटने, आपल्याकडे ओढून घेतलं होतं. मजला या अर्थाने तो इंग्रजीत 1801 पासून नोंदलेला आहे आणि मजल्यावरचं स्वतंत्र बिऱ्हाड या अर्थाने 1824 पासून.

तरी तुमचा तर्क अगदीच वाया गेला असं मी म्हणणार नाही. दोन्ही शब्द शेवटी 'पसरणे' या एकाच प्राचीन धातूला जाऊन मिळतात. तोच संस्कृतात प्रथ्. पृथु म्हणजे रुंद, पृथ्वी म्हणजे पसरलेली, आणि ज्याचं यश पसरलं आहे तो प्रथितयश. पोह्यांची प्लेटसुद्धा याच घरातली.

आता आपला 'मजला' बघा. तो अरबी 'मन्झिल'वरून आला. मन्झिल म्हणजे प्रवासात उतरायची जागा, मुक्काम. 'मजल दरमजल करत' यातली मजल तीच. मुक्कामावरून घर आणि घरावरून मजला, असा प्रवास तिकडे झाला. फ्लेटचाही जवळपास तसाच झाला, फक्त त्याची सुरुवात जमिनीपासून.

करारनाम्यात किंवा म्हाडाच्या सोडतीच्या जाहिरातीत 'सदनिका' असते. सदन म्हणजे बसायची जागा, सद् या धातूपासून, आणि इंग्रजी 'सिट', 'सीट' हे त्याचे दूरचे भाऊबंद. शब्द सुरेख आहे, पण "आमची सदनिका पार्ल्याला आहे" असं बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही. आमच्या आधीची पिढी 'ब्लॉक' म्हणायची. "डोंबिवलीला ब्लॉक घेतला" यात जो भारदस्तपणा होता, तो फ्लॅटला आलाच नाही.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे की वडील म्हणतात, फ्लॅट कसलं घर, पायाखाली स्वतःची जमीन नाही. त्यांना सांगा, या शब्दाचा सर्वांत जुना अर्थच घरातली जमीन असा आहे. आणि आपली मराठीही इथे वेगळं बोलत नाही. आमच्या घरी, चौथ्या मजल्यावर, आई खुर्ची सरकवते आणि म्हणते, "नको रे, मी आपली जमिनीवरच बसते."