पाहुणे दारात, पदार्थ नवा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर सारखाच आहे: रेसिपीत लिहिलं होतं तसंच केलं, तरी नेमका पाहुणे आले त्याच दिवशी घोळ झाला. ज्यांच्या उत्तरांतून इतरांचंही काम भागेल अशी सहा पत्रं निवडली आहेत. वाटी म्हणजे घरातली नेहमीची मध्यम वाटी. सगळी मापं त्याच एका वाटीने घ्या.

प्रश्न : सुरळीच्या वड्या आजवर कधीच केल्या नाहीत. रविवारी बारा माणसं जेवायला आहेत. व्हिडिओत सोप्या दिसतात, पण जाऊबाई म्हणतात, पाहुण्यांच्या जिवावर प्रयोग नको. करू की नको? (वाचक, सांगली)

जाऊबाईंचं अर्धं ऐका. रविवारी जरूर करा, पण गुरुवारी पाव वाटी बेसनाच्या करून बघा. कढई तीच घ्या आणि शेगडीही तीच.

प्रमाण असं: १ वाटी बेसन, १ वाटी आंबट ताक, २ वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, मीठ. आलं-मिरची वाटून फक्त रस घाला. मिरचीचा तुकडा राहिला की थर नेमका तिथेच फाटतो. सगळं रवीने घुसळून गाळून घ्या.

जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर ठेवून सारखं ढवळा. चार-पाच मिनिटांत मिश्रण दाटतं आणि नवखी माणसं तिथेच फसतात. दाटलं म्हणजे शिजलं नव्हे. आच बारीक करून आणखी तीन-चार मिनिटं घोटा. कच्च्या बेसनाचा वास जातो, मिश्रणाला चकाकी येते आणि ते कडेने सुटू लागतं. मग स्टीलच्या पालथ्या ताटावर चमचाभर पसरा, मिनिटभर थांबा आणि कड नखाने उचलून गुंडाळून बघा. बोटाला चिकटलं तर आणखी दोन मिनिटं घोटा. अलगद सुटलं की त्याच क्षणी गॅस बंद. यापुढे गेलात तर गोळा होतो, मिश्रण पसरत नाही आणि वडीला भेगा पडतात. पाव वाटीला वेळ बराच कमी लागतो, म्हणून गुरुवारी मिनिटं पाठ करू नका; ताटावरची परीक्षा तेवढी हातात बसवा.

बारा जणांना २ वाट्या बेसन लागेल, पण ते एकदम शिजवू नका. मिश्रण दोन-तीन मिनिटांत आळतं आणि एकट्या माणसाचा हात तेवढ्यात जास्तीत जास्त एका वाटीचं पसरू शकतो. दोन घाणे करा. तीन-चार ताटं आधीच पालथी मांडून, तेलाचा पुसट हात फिरवून ठेवा. पसरायला पालथी वाटी किंवा सपाट उलथनं घ्या.

घोटत उभं राहण्याचा धीर नसेल तर तेच मिश्रण डब्यात घालून, झाकण ठेवून कुकरला तीन शिट्ट्या करा. वाफ जिरली की गरम असतानाच रवीने जोरात घुसळा (वर पाणी आणि खाली गोळा दिसेल, घाबरू नका, एकजीव होतं) आणि लगेच पसरा.

वड्या सकाळी करून ओलसर फडक्याखाली ठेवल्या तर दुपारपर्यंत छान राहतात. फडकं विसरलात तर कडा वाळून कडक होतात. खोबरं, कोथिंबीर आणि फोडणी मात्र पानं घेताना. आणि त्या दिवशी ताटात नवा पदार्थ हा एकच. बाकी सगळं हात आपोआप चालेल असं ठेवा.

प्रश्न : अननसाचं श्रीखंड केलं. रात्री चव घेतली तेव्हा उत्तम होतं, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना वाढताना कडू आणि पातळ झालेलं. चक्का खराब होता का? (वाचक, डोंबिवली)

चक्का चांगलाच असणार. दोष कच्च्या अननसाचा. त्यात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि ते दुधातली प्रथिनं तोडतं. प्रथिनांचे तुकडे झाले की कडवट चव येते आणि चक्क्याने धरून ठेवलेलं पाणी सुटतं. तासाभरात फारसं जाणवत नाही, रात्रभरात काम तमाम होतं. किवी आणि कच्ची पपई यांचंही तेच.

उष्णतेने हे विकर निकामी होतं. म्हणून १ वाटी बारीक चिरलेल्या अननसात ३ चमचे साखर घालून ७-८ मिनिटं, रस आटेपर्यंत शिजवा, पूर्ण गार करा आणि मगच चक्क्यात मिसळा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो नुसता निथळून घेतला तरी चालतो. आंब्याला हे काही लागत नाही.

बारा जणांना दरडोई १०० ग्रॅम धरलं तर साधारण ७०० ग्रॅम चक्का आणि ५०० ग्रॅम साखर. एवढ्या चक्क्याला पावणेदोन ते दोन किलो घट्ट दही टांगावं लागतं. उन्हाळ्यात ते ओट्यावर टांगू नका, आंबतं. चाळणीत फडकं घालून, खाली पातेलं ठेवून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. साखर मिसळल्यावर श्रीखंड सैल होणारच, पुरणयंत्रातून काढून दोन तास गार केलं की पुन्हा बसतं.

प्रश्न : चार माणसांचा मसालेभात उत्तम जमतो. वीस जणांसाठी सगळं पाचपट घेतलं, तर भात गिचका, वर तिखटजाळ आणि खाली लागलेला. असं का? (वाचक, अहिल्यानगर)

कारण पाचपट फक्त तांदूळ आणि भाज्या होतात. बाकीच्यांचा हिशेब वेगळा.

पाणी वाफ होऊन जातं ते पातेल्याच्या तोंडातून, आणि तांदूळ पाचपट झाले म्हणून पातेल्याचं तोंड पाचपट होत नाही. छोट्या पातेल्यात १ वाटी तांदळाला २ वाट्या पाणी लागत असेल तर मोठ्यात पावणेदोन पुरे. वांगी, तोंडली, फ्लॉवर भरपूर असतील तर त्याहूनही थोडं कमी, कारण भाज्याही पाणी सोडतात. तांदूळ अर्धा तास भिजवलेले असतील तर आणखी हात आखडा. पाणी उकळतंच घाला. एवढ्या तांदळात गार पाणी ओतलं तर उकळी यायलाच वीस मिनिटं जातात, तोवर तांदूळ खालून फुटतो आणि वर कच्चा राहतो.

लवंग, दालचिनी, मिरी आणि तिखट पाचपटीला साडेतीनपट ते चारपट ठेवा. मोठं पातेलं जास्त वेळ गरम राहतं आणि अख्खे मसाले तेवढा वेळ अर्क सोडत राहतात. फोडणीचं तेल तिप्पट पुरतं. मीठ आधी चारपट घाला, पाणी उकळलं की चाखा. ते किंचित खारट लागलं पाहिजे. नेमकं लागलं तर भात अळणी होणार.

इतर चार पदार्थ असतील तर माणशी ७० ग्रॅम तांदूळ, म्हणजे वीस जणांना १ किलो ४०० ग्रॅम. पाच लिटरच्या कुकरमध्ये भाज्यांसकट अर्धा किलोच्या पुढे जाऊ नका, भात फुगतो आणि शिट्टीचं छिद्र तुंबू शकतं. पातेल्यात करायचा तर पाणी तांदळाच्या पातळीला आलं की घट्ट झाकण लावा, पातेल्याखाली जाड तवा सरकवा आणि अगदी बारीक आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. घरच्या शेगडीची ज्योत मोठ्या पातेल्याच्या मधोमध लागते, म्हणून तिथेच करपतं. तव्यामुळे उष्णता पसरते. वाफ धरल्यावर भात मधून ढवळू नका, कडेने उलथनं घालून वरखाली करा.

प्रश्न : आमटीत मीठ जास्त झालं तर बटाटा घालतात, त्याने खरंच मीठ कमी होतं का? आणि तिखट जास्त झालं तर? (वाचक, चिपळूण)

बटाटा खारट पाणी पितो, मीठ तेवढं निवडून घेत नाही. राहिलेली आमटी तितकीच खारट असते. मीठ न घातलेली शिजलेली डाळ आणि गरम पाणी घालून आमटी वाढवणं, हाच उपाय. वर थोडं चिंच-गूळ घातलं तर जिभेला खारटपणा कमी वाटतो. तिखटपणा पाण्याने जात नाही, तो स्निग्ध पदार्थात विरघळतो. म्हणून रश्श्यात दाण्याचं कूट, खोबऱ्याचं वाटण किंवा नारळाचं दूध घाला. नारळाचं दूध गॅस बारीक करून घाला, खळखळ उकळलं की फुटतं.

प्रश्न : गणपतीला इथल्या मित्रमंडळींना उकडीचे मोदक खिलवायचे आहेत. आशियाई दुकानातून तांदळाचं पीठ आणलं, पण उकड च्युइंगमसारखी झाली आणि मोदक वाफेत बसले. (वाचक, मेलबर्न)

पाकीट पुन्हा वाचा. त्यावर ‘ग्लुटिनस’ असा शब्द असेल तर ते चिकट तांदळाचं पीठ आहे, त्याचा मोदक उभा राहत नाही. साध्या तांदळाचं पीठ घ्या. भारतीय दुकानात मोदकाची पिठी मिळाली तर उत्तमच.

१ वाटी पिठीला १ वाटी पाणी, १ चमचा तूप, चिमूटभर मीठ. पाणी खळखळ उकळलं की पिठी एकदम घाला, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ द्या. तुमची शेगडी विजेची असेल तर बटण बंद केलं तरी तवी तापलेलीच राहते, म्हणून पातेलं बाजूलाच उचलून ठेवा, नाहीतर तळाची उकड कोरडी पडते. हाताला सोसेल इतकी गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळा. मोदकाला तडे जातात ते बहुधा मळणं कमी पडल्याने. गोळी दाबून बघा: कडेला चिरा दिसल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

नवीन पाकिटाची पिठी किती पाणी पिते ते आधी पाव वाटीवर ठरवा, एक रिकामी पारी सारणाविना वाफवून बघा. ती बसली नाही की मग सारणाला हात घाला: २ वाट्या ओलं खोबरं, १ वाटी गूळ. फ्रोजन खोबरं असेल तर आधी कोरडं परतून पाणी घालवा, ओलं सारण पारी आतून भिजवतं. वाफ १०-१२ मिनिटं.

प्रश्न : पाहुण्यांत एक जैन कुटुंब आहे आणि एका मुलाला गव्हाचं अजिबात चालत नाही. मेनू जवळपास ठरलाय, काय बघू? (वाचक, पुणे)

जैन कुटुंबाला कांदा-लसणाखेरीज बटाटा, गाजर, मुळा, बीट हेही सहसा चालत नाही. आलं चालतं का, ते फोन करून विचारा, घराघरांत फरक असतो. रस्सा दाट करायला बटाट्याऐवजी कच्चं केळं आणि काजू-मगजाचं वाटण घ्या. सूर्यास्तापूर्वी जेवणारे असतील तर वेळही विचारून घ्या.

मुलाच्या बाबतीत पोळी वगळली की झालं, असं समजू नका. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे वरणापासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्या फोडण्या बाद. डबीवरचे घटक वाचा. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो आणा किंवा त्या दिवशी हिंगाला सुट्टी द्या. शेवया, रवा, सोया सॉसही वगळा. भाकरी द्यायची तर पीठ घरच्या त्याच परातीत मळू नका आणि गिरणीतून दळून आणू नका, गव्हानंतर त्याच जात्यात दळलेल्या ज्वारीत गहू येतोच. ग्लुटेनमुक्त लिहिलेलं बंद पाकीट घ्या. तळण करणार असाल तर पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड नकोत. त्याचे आधी तळून वेगळ्या डब्यात ठेवा, मग पुऱ्या.