लेखनशंका : नायकाचा शोक कागदावर कसा आणायचा?

प्रश्न : माझ्या कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात नायकाचा धाकटा भाऊ नदीत बुडून जातो. पुढची पाच प्रकरणं मी नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशी बेतली. हस्तलिखित वाचलेले म्हणतात, पाठ्यपुस्तक वाचल्यासारखं वाटतं. चुकलं कुठे?

उत्तर : आराखड्यातच. या पाच अवस्था एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, त्या मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. माणसं त्या ठरल्या क्रमाने ओलांडतात, असं काही सिद्ध झालेलं नाही. कथाकाराच्या जास्त उपयोगाचं आहे ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं प्रारूप. त्यांच्या मते शोकातला माणूस हेलकावे खात असतो. आत्ता भावाचा शर्ट हातात धरून बसलेला, अर्ध्या तासाने विजेचं बिल भरणारा.

हे तपासायला सोपं आहे. प्रत्येक प्रसंगाच्या समासात 'आ' (आठवण) किंवा 'का' (काम) लिहा. सलग तीन 'आ' आले की वाचक पानं उलटू लागतो. सलग सहा-सात 'का' आले की नायक भावाला विसरला असं वाटतं. हेलकावा प्रसंगाच्या मधोमध घडू द्या. प्रकरण संपताना घडवलात तर तो पुन्हा बेतलेला दिसेल.

मग एकच वस्तू निवडा. समजा, भावाच्या मोबाइलमधला पहाटे ५.४० चा अलार्म. पहिल्यांदा तो वाजतो तेव्हा नायक झोपेतच ओरडतो, 'बंद कर रे तो!' एवढंच लिहा आणि प्रसंग तोडा. दुसऱ्यांदा तोच रात्री उठून तो मोबाइल चार्जिंगला लावतो. तिसऱ्यांदा वडील अलार्म कायमचा काढून टाकतात आणि घरात भांडण पेटतं, कारण दोघांचा शोक एका मापाचा नाही. वस्तू तीच, पण दर वेळी तिच्याशी वागणं बदललेलं. वागणं बदलणार नसेल तर ती वस्तू चौथ्यांदा आणू नका.

हस्तलिखितातली तयार वाक्यंही शोधा. 'पायाखालची वाळू सरकली', 'काळजात चर्र झालं', 'डोळ्यांना धारा लागल्या' ही तिन्ही एका परिच्छेदात आली की दुःख कोणाचंही होतं, तुमच्या नायकाचं राहत नाही. अशी वाक्यं फेकायचीच असं नाही. सांत्वनाला आलेल्या शेजाऱ्याच्या तोंडी ती चपखल बसतात. 'काळ हेच औषध' तोही म्हणेल, आणि नायक त्या वेळी त्याच्या चपलांकडे बघत असेल.

मराठीत आणखी एक हत्यार आहे, ते म्हणजे क्रियापद. 'त्याला उशीर चालत नाही' असं नायक बोलून जातो आणि बहीण हळूच म्हणते, 'चालायचा नाही.' एका प्रत्ययात मृत्यू घरात येतो. हे कादंबरीभर एकदाच करा.

प्रश्न : माझी कथा सूडाची आहे. बायकोचा खून होतो आणि दुसऱ्या दिवशी नायक खुन्याच्या मागावर निघतो. शोकाला जागाच उरत नाही.

उत्तर : जागा त्याच्या शरीरात आहे. झोप तुटते, भूक मरते, लक्ष एका जागी ठरत नाही. मग तो गाडीचा क्रमांक चुकीचा वाचतो किंवा साक्षीदाराने दोनदा सांगितलेली वेळ विसरतो. शोकामुळे झालेली अशी एक चूक कथानकाला वळण देऊ द्या. शोकासाठी वेगळा प्रसंग लिहावाच लागणार नाही.

खरी गफलत शेवटी होते. खुनी मेला की लेखक कथा मिटवतो, जणू हिशेब चुकता झाला. होमरचं ग्रीक महाकाव्य 'इलियड' आठवा. आपल्या जिवलग मित्राला, पॅट्रोक्लसला मारणाऱ्या हेक्टरला अकिलीस ठार करतो, तरी त्याला चैन नाही. तो प्रेत रथाला बांधून फरफटवत राहतो. तो निवळतो ते हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम प्रेत मागायला त्याच्या तंबूत येतो तेव्हा. दोघं आपापल्या माणसासाठी रडतात आणि मग एकत्र जेवतात. मुलगा गेल्यापासून प्रायमने अन्नाला स्पर्श केलेला नसतो. सूड संपल्यानंतरची अशी दोन-तीन पानं तुमच्या कथेला हवीत.

प्रश्न : नायकाला गेलेल्या आईची हाक ऐकू येते. वाचक त्याला वेडा समजतील का?

उत्तर : नाही. ड्यूई रीस या डॉक्टरांनी वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांना असा काही अनुभव आला होता. सर्वाधिक आढळली ती जोडीदार जवळ असल्याची जाणीव. आवाज ऐकू येणं किंवा माणूस दिसणं त्यामानाने कमी. म्हणून आधी नुसती चाहूल द्या, हाक नंतर. वीज चमकवू नका, पडदे हलवू नका. कुकरच्या शिट्ट्या मोजताना हाक येते, तो 'आलो' म्हणतो आणि शिट्ट्यांचा आकडा चुकतो, इतकं साधं.

प्रश्न : किती महिन्यांनी नायक सावरलेला दाखवावा?

उत्तर : आकडा हवाच असेल तर अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निकषांत प्रौढांच्या 'दीर्घकालीन शोक विकारा'साठी किमान १२ महिन्यांची अट आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ६ महिन्यांची. पण ही निदानाची मोजपट्टी आहे, कादंबरीची नव्हे. 'सहा महिने लोटले' असं लिहिण्यापेक्षा गेलेल्या बायकोने उघडलेली शाम्पूची बाटली संपली, असं लिहा.

प्रश्न : माझा नायक अजिबात रडत नाही. संपादक म्हणतात, तो कोरडा वाटतो.

उत्तर : भवभूतीने 'उत्तररामचरिता'त रामाच्या शोकाला पुटपाकाची उपमा दिली आहे. औषध बंद पात्रात ठेवून भाजतात, आत उकळी, बाहेर काही दिसत नाही. तुमचा नायक असा असायला हरकत नाही, पण पात्राला एक तडा हवा. त्याच नाटकात राम पंचवटीतल्या ओळखीच्या जागा पाहतो आणि मूर्च्छित होतो.

तडा शक्यतो दुःखाशी थेट नातं नसलेल्या क्षुल्लक गोष्टीने जाऊ द्या. बटण तुटतं, किल्ली कुलपात अडकते. पुरेसं आधी, दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच, ते कुलूप नीट लागत नसल्याचं सहज सांगून ठेवा. मग उत्तरार्धात एका संध्याकाळी तो पाच वेळा किल्ली फिरवतो, सहाव्यांदा दारावर लाथ मारतो आणि पायरीवर बसतो. त्यानंतर 'त्याला तिची फार आठवण आली' असं वाक्य तुमच्या हातून येईलच. ते खोडा.